दप्तरातला चोरजिना



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला, की तो पगार, बोनस आणि महागाई भत्ता यांवर बोलणार असे श्रोते गृहीत धरून येतात. चालकांनीही आम्हांला तेच सुचविले होते. आम्ही मात्र आज निराळ्याच गोष्टीविषयी बोलणार आहोत. आपली जमीन, आपली ठेव, आपले रेशन, आपली हजेरी यांची दप्तरे आता संगणकात गेली आहेत, आणि ती दप्तरे सांभाळणारा जो प्रोग्रॅम असतो त्याला डेटाबेस सर्व्हर म्हणतात. या प्रोग्रॅममध्ये वेळोवेळी अशी छिद्रे सापडतात की, त्यांतून अगदी हलक्या अधिकाराचा माणूस कोणाच्याही हुकुमाशिवाय एकदम सर्वाधिकारी होऊन बसतो. इंग्रजीत याला ‘प्रिव्हिलेज एस्कलेशन’ असे भारदस्त नाव आहे. आम्ही त्याला चोरजिना म्हणतो. वाड्याला पुढचा जिना असतो, तिथे देवडीवर पहारेकरी बसलेला असतो. आणि भिंतीच्या पोटातून एक चोरजिना असतो, तो वाडा बांधणाऱ्यालाही कधी कधी आठवत नाही.

हा विषय आमच्याकडे कसा आला, तेही सांगितले पाहिजे. आमचे शालेय शिक्षण नववीत संपले. पुढचे शिक्षण आरोपपत्रे वाचण्यात झाले. पूर्वीच्या आरोपपत्रात लिहिलेले असे की, अमुक कारकुनाने अमुक तारखेस इतक्या रकमेची अफरातफर केली. अलीकडच्या आरोपपत्रांत वाक्य बदलले आहे. तेथे लिहिलेले असते : ‘आपल्या लॉगिनमधून सदर नोंद बदलली गेली.’ व्याकरणाकडे लक्ष द्या. बदलली गेली! कोणी बदलली, ते वाक्य सांगतच नाही. पण निलंबन मात्र एका जित्याजागत्या माणसाचे होते. पहिले असे आरोपपत्र हाती पडले तेव्हा आम्ही ठरविले की, हे लॉगिन म्हणजे काय आणि त्याच्या मागे कोणकोणते जिने आहेत, हे आपण शिकले पाहिजे. शब्दकोश जवळ घेऊन पुस्तिका वाचल्या, पुण्यातल्या संगणकवाल्या मुलांना फोन करून पिडले, आणि जे कळले ते आज तुमच्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर करू. डेटाबेस म्हटला म्हणजे लोकांच्या डोळ्यांपुढे कपाट येते. कपाट मुके असते. ज्याच्या हाती किल्ली त्याला ते उघडते. डेटाबेस सर्व्हर हे कपाट नसून कपाटापुढे बसलेला कारकून आहे. तुम्ही त्याला विचारता, तो तुमचा अधिकार तपासतो, आणि मग आत हात घालतो. १९७० साली आय.बी.एम. कंपनीतल्या एडगर कॉड या इंग्रज गणितज्ञाने अशी कल्पना मांडली की, सर्व माहिती साध्या तक्त्यांत मांडावी आणि मागणाऱ्याने ती आत कुठे ठेवली आहे याची चिंता न करता मागावी. त्या कल्पनेवर पुढे सारा पसारा उभा राहिला. १९७७ मध्ये जी कंपनी निघाली तिचा ओरॅकल. १९८६ च्या सुमारास अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी आरंभलेला पोस्टग्रेस. १९९५ मध्ये स्वीडनमध्ये निघालेला मायएसक्यूएल. शेवटच्या दोघांचे सुधारलेले अवतार आज फुकट मिळतात, म्हणून लहान पतसंस्थेपासून मोठ्या सरकारी खात्यापर्यंत ते पसरले आहेत. या कामात मराठी माणूस परका नाही. आनंद देशपांडे यांनी अमेरिकेत याच शास्त्रात डॉक्टरेट मिळवून १९९० मध्ये पुण्यात पर्सिस्टंट कंपनी काढली, आणि पोस्टग्रेसच्या दुरुस्तीवर रोज काम करणारे अभियंते आज पुण्यात आहेत.

आता या कारकुनापुढे चार प्रकारची माणसे येतात. एकाला फक्त वाचायची मुभा असते. दुसऱ्याला नवी नोंद घालता येते, पण जुनी खोडता येत नाही. तिसऱ्याला खोडताही येते. आणि चौथा असतो तो सर्वाधिकारी. कोठे त्याला सुपरयुजर म्हणतात, कोठे रूट, कोठे नुसते दोन अक्षरी ‘एस्‌ए’. त्याला सर्व काही वाचता येते, बदलता येते, आणि आपण बदलले याची खूणही पुसता येते. शेवटची गोष्ट नीट ध्यानात धरा. खून करणाऱ्याला पंचनामाही लिहिता यावा, तसे हे आहे.

आमच्या वऱ्हाडाला दप्तराचे राजकारण शिकवायला नको. पटवाऱ्याच्या लेखणीचे एक टोक किती एकर जमीन हलवू शकते, हे आपल्या आज्या-पणज्यांनी भोगलेले आहे. पटवारी गेला, तलाठी आला, आता त्यालाही ग्राम महसूल अधिकारी म्हणावे लागते, दप्तर तेच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे. तिच्यात १५५ वे कलम आहे. अधिकार-अभिलेखात लिहिताना झालेली चूक, म्हणजे लेखनप्रमाद, दुरुस्त करण्याची मुभा ते देते. ‘रामराव’ ऐवजी ‘रामाव’ पडले असेल, तर ‘र’ घालावा. एवढेच त्याचे काम. परंतु या कलमाचा आधार घेऊन वारसांची नावे गेली, क्षेत्रे बदलली, अशा तक्रारी राज्यात वेळोवेळी झाल्या आहेत. पाहा, येथे कोणी कपाट फोडले नाही, कोणी खोटी किल्ली केली नाही. अक्षर दुरुस्त करण्याचा लहानसा अधिकार खरा होता. त्याच्यावर पाय ठेवून माणूस हक्क बदलण्याच्या मोठ्या अधिकारापर्यंत चढला. डेटाबेसमध्ये जो चोरजिना असतो तो नेमका असाच. बाहेरचा चोर भिंत फोडतो. येथला माणूस आतच असतो, त्याच्याजवळ लहानसा खरा परवाना असतो, आणि वाड्याच्या बांधणीतला दोष त्याला वर नेऊन सोडतो.

हे नुसते दृष्टान्तावर सोडले तर तुम्ही म्हणाल, पुढारी मंडळींना दृष्टान्ताची काय वाण! म्हणून खऱ्या घडलेल्या गोष्टी सांगतो.

पहिली पोस्टग्रेसची, २०१८ सालची. या सर्व्हरमध्ये ‘पब्लिक’ नावाची एक सार्वजनिक जागा असते. गावच्या पारासारखी समजा. २००२ पासून रिवाज असा होता की, ज्याला आत प्रवेश आहे त्या कोणालाही या पारावर आपली वस्तू मांडता येई. आता सर्व्हरची स्वतःची काही ठरलेली कामे असतात आणि त्यांना नावे असतात. उदाहरणार्थ, इंग्रजी मजकुरातली मोठी अक्षरे लहान करणारे एक काम आहे, त्याचे नाव ‘लोअर’. एखाद्या हलक्या वापरकर्त्याने पारावर त्याच नावाचे आपले दुसरे काम मांडून ठेवले, तर काय होईल? कारकून एरवी घरच्यालाच हाक मारील. पण त्याचा एक नियम असा की, नावे सारखी असली तर ज्याचे वर्णन मागणीशी अधिक तंतोतंत जुळते त्याला बोलवावे. तुम्ही चपराशाला सांगितले, ‘मारुतीच्या देवळामागे राहणाऱ्या गणपतला बोलाव.’ कचेरीतल्या जुन्या गणपतच्या पत्त्यात नुसते ‘मानोरा’ लिहिले आहे. नवा आलेला भामटा आपल्या पत्त्यात ‘मारुतीच्या देवळामागे, मानोरा’ असे मुद्दाम लिहून बसला आहे. चपराशी प्रामाणिक आहे. तो भामट्यालाच घेऊन येणार.

खरी मेख पुढेच आहे. भामटा स्वतः काहीच करीत नाही. तो पारावर बसून राहतो. एखाद्या सकाळी सर्वाधिकारी आपल्या नित्याच्या कामासाठी येतो, चार नावे लहान अक्षरांत करून मागतो, आणि खोट्या गणपतला हाक जाते. हे काम जो बोलावील त्याच्या अधिकाराने चालते, असा तेथला कायदा. बोलावले सर्वाधिकाऱ्याने, म्हणून भामट्याने आत लिहून ठेवलेले प्रत्येक वाक्य सर्वाधिकाऱ्याच्या तोंडचे ठरते. त्यात ‘अमक्याला आजपासून सर्वाधिकारी करा’ हे वाक्य असले, की संपले. दप्तरात नोंद कशी दिसेल? हुकूम साहेबांचा होता! मार्च २०१८ मध्ये पोस्टग्रेसच्या मंडळींनी हा दोष जाहीर केला आणि लोकांना सांगितले की, आपापल्या पारावरची ही मुक्त मुभा काढून घ्या. रिवाज मात्र मुळातून बदलला तो २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, पंधराव्या आवृत्तीत. आणि तोही नव्याने मांडलेल्या डेटाबेसपुरता. जुना डेटाबेस नव्या आवृत्तीत नेला तर जुनी मुभा बरोबर येते. वीस वर्षांची सवय एका पत्रकाने जात नाही, हे आम्ही कारखान्यांतही पाहिले आहे.

दुसरी गोष्ट मायएसक्यूएलची, सप्टेंबर २०१६ ची. डाविड गोलुन्स्की या संशोधकाने ती उघडकीस आणली. हा सर्व्हर सुरू करून देणारा एक लहान प्रोग्रॅम असतो. तो यंत्राच्या सर्वोच्च अधिकाराने उठतो, एक हुकूमवही वाचतो, आणि वहीत लिहिल्याप्रमाणे सर्व्हर चालू करतो. आता सर्व्हरला स्वतःचे रोजनामचे लिहिण्याची सोय असते, आणि रोजनामा कोणत्या फाइलीत लिहायचा ते सांगता येते. गोलुन्स्की यांनी दाखविले की, काही मर्यादित परवानग्या असलेला माणूस रोजनामा म्हणून हुकूमवहीतच मजकूर लिहवून घेऊ शकतो. म्हणजे घरगड्याने रात्री मालकाच्या आज्ञापत्रिकेत दोन ओळी घातल्या, आणि सकाळी मालकाने आपलीच आज्ञा समजून त्या अमलात आणल्या. त्या दोन ओळींत ‘अमुक प्रोग्रॅम आधी बरोबर घे’ असे लिहिले की, परक्याचा प्रोग्रॅम थेट सर्वोच्च अधिकाराने चालू. हा डाव फळायला सर्व्हर एकदा बंद होऊन पुन्हा चालू व्हावा लागतो. मोठ्या शहरात त्यासाठी महिनोन्‌महिने वाट पाहावी लागेल. आमच्याकडे उन्हाळ्यात एक संध्याकाळ पुरते.

तिसरी लहान आहे, पण आम्हांला ती फार आवडते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पोस्टग्रेसमध्येच एक दोष दुरुस्त झाला. सर्वाधिकारी जेव्हा दुसऱ्याच्या मालकीचे एक साठवलेले कोष्टक ताजे करतो, तेव्हा त्याने आपला अधिकार क्षणभर उतरवून त्या मालकाच्या साध्या अधिकाराने काम करावे, असा नियम आहे; सोवळे सोडून शेतात उतरावे तसे. कामाच्या एका विशिष्ट प्रकारात हा अंगरखा एक पाऊल उशिरा उतरत होता. त्या एका पावलात मालकाचा मजकूर सर्वाधिकाराने चालून जाई. एक पाऊल! एवढ्या बारीक फटीतून माणूस वर चढतो. आणि मायएसक्यूएल-मारियाडीबीत २०१२ साली सापडलेला दोष तर असा विनोदी की, काही यंत्रांवर कोणताही चुकीचा संकेतशब्द सरासरी २५६ वेळांतून एकदा बरोबर ठरे. तीनशे वेळा दार ठोठावा, पहारेकरी कंटाळून नव्हे तर हिशेब चुकून आत सोडणार.

पैसे घेऊन विकलेला माल तरी निर्दोष असेल, असे कोणाला वाटेल. ओरॅकल कंपनीने २००१ साली आपला माल ‘अभेद्य’ आहे अशी जाहिरात केली. त्यानंतरची कित्येक वर्षे डेव्हिड लिचफील्ड नावाचा एक ब्रिटिश संशोधक त्या अभेद्य वाड्यातले चोरजिने एकामागून एक दाखवीत राहिला. तेथली मेख पोस्टग्रेसच्या उलटी होती. ओरॅकलमध्ये साठवलेले काम एरवी बोलावणाऱ्याच्या नव्हे तर ज्याने ते लिहिले त्याच्या अधिकाराने चालते. म्हणजे साहेबांनी सहीचा शिक्का चपराशाच्या टेबलावर ठेवून सांगावे, ‘एवढ्या एका कामासाठीच मार.’ काम नीट बांधलेले असले तर ठीक; पण अर्जाच्या कोऱ्या जागेत आपले वाक्य घुसडण्याची सोय राहिली, तर शिक्का कोणत्याही वाक्यावर बसतो. फुकटचा असो की लाखांचा, माणसाने लिहिलेल्या प्रोग्रॅमला सांधे असतात, आणि सांध्यात फट असते. फरक एवढाच की, काहींनी फट जाहीर केली आणि काहींनी जाहिरात केली.

आता महाराष्ट्रात या. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालची. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. त्या दिवशी २८ देशांतल्या ए.टी.एम. यंत्रांतून या बँकेच्या नावाने सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, आणि भारतातल्या यंत्रांतून आणखी अडीच कोटी. १३ तारखेला, सोमवारी, सुमारे १४ कोटी परदेशी संदेशवहनाच्या मार्गाने हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटींवर. हा प्रकार डेटाबेस सर्व्हरमधल्या छिद्राचा नव्हता, हे आम्ही स्पष्ट सांगतो. उगाच आपल्या विषयाला बळ यावे म्हणून दाखला ओढून आणणे बरे नव्हे. पण त्याची जात पाहा. यंत्रातून पैसे मागितले की खात्यात शिल्लक आहे काय, हा प्रश्न बँकेच्या मूळ दप्तराला विचारला जातो. शिरलेल्या लोकांनी मधल्या वाटेवर आपला एक तोतया उत्तर देणारा बसविला. प्रश्न दप्तरापर्यंत गेलाच नाही. तोतयाने ‘आहे, द्या’ म्हटले. दप्तर शेवटपर्यंत खरे राहिले आणि पैसे निघून गेले. ‘हो’ म्हणण्याचा अधिकार कोणाच्या हातात गेला हे कोणाला कळले नाही. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणात अकरा जणांना शिक्षा केली. ते बहुतेक यंत्रापुढे उभे राहून नोटा काढणारे होते. तोतया बसविणारे हात या देशाच्या कायद्याच्या टप्प्यात आले नाहीत. आमच्या धंद्यात याला नवल वाटत नाही. ट्रक पकडला की क्लीनर आत जातो.

दोष सापडतात, तसे दुरुस्तही होतात, आणि दुरुस्तीचा तुकडा बहुधा फुकट मिळतो. मग घोडे अडते कोठे? २५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ नावाचा एक किडा मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधून जगभर पसरला. ३७६ बाइटांचा जीव, म्हणजे पोस्टकार्डावर मावेल एवढा मजकूर. दहा मिनिटांत तो बहुतेक साऱ्या दुबळ्या यंत्रांत पोहोचला. या दोषावरचे औषध आधीच्या जुलैत निघाले होते. सहा महिने ते पडून होते. औषध घरात आणि रोगी मेला! का? कारण ते पाजणे हे कोणाचेच काम नव्हते. आमच्या भागातल्या एखाद्या संस्थेत जाऊन विचारा, हा सर्व्हर कोणत्या आवृत्तीचा, त्याची दुरुस्ती शेवटची कधी झाली? सचिव म्हणतात, ते प्रोग्रॅमवाल्याला माहीत. प्रोग्रॅमवाला म्हणतो, देखभालीचा करार मागच्या मार्चला संपला. संचालक म्हणतात, चालू आहे ना, मग कशाला हात लावता? आणि खरोखरच ते चालू असते. बिघडलेले यंत्र खडखडते. चोरजिना असलेले यंत्र आवाज करीत नाही.

आता ज्या प्रकरणाने आम्हांला या वाटेला लावले ते सांगतो. संस्थेचे नाव आणि गाव सांगत नाही. प्रकरण अजून चालू आहे. एका पतसंस्थेतला कंत्राटी ऑपरेटर. वय सत्तावीस. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जाणारे, तांड्यातला पहिला मुलगा खुर्चीवर बसलेला. एका रात्री सव्वादोन वाजता त्याच्या लॉगिनवरून नऊ कर्जखात्यांच्या व्याजाचे दर बदलले. सकाळी त्याला बोलावून घेतले, दुपारी निलंबनाचे पत्र, आठवड्यात पोलिसांत अर्ज. त्या रात्री तो दिग्रसला चुलतबहिणीच्या हळदीत होता. शंभर माणसांनी त्याला पाहिले होते. पण चौकशी अधिकारी म्हणाले, हळदीत असला तरी मोबाइल होताच की! यावर काय उत्तर द्यावे?

आम्ही खातेनिहाय चौकशीत त्याची बाजू घेऊन बसलो आणि साक्षीदारांची उलटतपासणी सोडून कागद मागितले. या लॉगिनला डेटाबेसमध्ये नेमक्या कोणत्या परवानग्या आहेत, त्याची यादी द्या. सर्व्हरची आवृत्ती आणि शेवटच्या दुरुस्तीची तारीख द्या. सर्वाधिकारी खात्याचा संकेतशब्द कोणाकोणाला ठाऊक आहे, ते लिहून द्या. आणि त्या रात्रीचा सर्व्हरचा रोजनामा द्या. पहिल्या दिवशी हसले. दुसऱ्या बैठकीत प्रोग्रॅमवाल्याला बोलवावे लागले, आणि मग जे निघाले ते आम्ही कल्पनेतही आणले नव्हते. चोरजिना शोधायची गरजच नव्हती. पुढचाच जिना मोकळा होता. संस्थेचा प्रोग्रॅम प्रत्येक नोकराला वेगवेगळे लॉगिन देत होता, पण ते केवळ पडद्यावर. आत डेटाबेसकडे जाताना सगळेच्या सगळे एकाच सर्वाधिकारी खात्याने जात होते. म्हणजे देवडीवर नावे वेगवेगळी लिहायची आणि आत प्रत्येकाला सुभेदाराचा अंगरखा चढवायचा! ‘व्याज बदलण्याची परवानगी ऑपरेटरला नाही’ असे जे संस्थेच्या नियमात लिहिले होते, ते पडद्यावरच्या एका लपविलेल्या बटनापुरते खरे होते. आणि कोणत्या नोंदीपुढे कोणाचे नाव पडायचे, हेही त्या सर्वाधिकारी खात्याला लिहिता येत होते. संकेतशब्द सांगू? संस्थेच्या नावापुढे १२३. तो निदान सहा जणांना माहीत होता. सर्व्हरला चार वर्षांत दुरुस्तीचा एकही तुकडा लागला नव्हता.

रोजनामा मिळाला नाही. जागा अपुरी म्हणून तो तीस दिवसांनी पुसला जाई, आणि आम्ही मागितला तेव्हा बावन्न दिवस झाले होते. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात असे रोजनामे १८० दिवस ठेवायला आणि घुसखोरीची खबर सहा तासांत द्यायला सांगितले आहे. आम्ही तो आदेश चौकशी अधिकाऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी तो प्रथमच पाहिला. निदान प्रामाणिकपणे तसे म्हणाले, हे नोंदविले पाहिजे.

ज्या कामाला जेवढा अधिकार लागतो तेवढाच द्यावा, तिळभरही जास्त नको, हे तत्त्व जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७५ मध्येच मांडून ठेवले आहे. त्यात अवघड काय आहे? बाजार समितीतला हमाल पोते उचलतो; गोदामाची किल्ली त्याच्या कमरेला नसते, आणि म्हणूनच माल कमी भरला तर त्याच्याकडे कोणी बोट दाखवू शकत नाही. अधिकार कमी असणे हे नोकराचे कवच आहे, हे आमच्या मंडळींना पटवायला वेळ लागतो. तरुण ऑपरेटरला वाटते, आपल्याला सगळे संकेतशब्द ठाऊक आहेत म्हणजे आपली किंमत वाढली. साहेबही गोड बोलून ते देतात, कारण रविवारी त्यांना उठून यावे लागत नाही. बाबांनो, तो मान नाही, ती गळ्यातली घंटा आहे. उद्या काही वाजले की आवाज तुमच्याकडूनच येणार.

म्हणून गेली काही वर्षे आमच्या मागणीपत्रात पगारवाढीच्या खाली ही कलमे असतात. प्रत्येकाला त्याचे एकट्याचे खाते, आणि ते डेटाबेसच्या आतपर्यंत; सर्वाधिकारी खाते दोनच जबाबदार व्यक्तींच्या नावे, लेखी; दुरुस्तीचे तुकडे लावण्याचे काम कोणाचे आणि कधी, हे करारात; रोजनामा दुसऱ्या यंत्रावर, जिथे सर्वाधिकाऱ्यालाही तो पुसता येणार नाही. आणि लॉगिनच्या आधारावर कोणाला निलंबित करायचे असेल, तर त्या दिवशी सर्व्हरची आवृत्ती काय होती ते आरोपपत्राला जोडलेच पाहिजे. एका व्यवस्थापकांनी आम्हांला विचारले, ‘तुम्ही युनियनवाले की इंजिनिअर?’ आम्ही म्हटले, बॉयलरच्या सुरक्षेचा झडप-दाब आम्ही मागत होतो तेव्हाही हाच प्रश्न विचारला होता.

आपण सारे जे नोकर नाही, त्यांचेही यात काय गुंतले आहे ते एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आमच्यापेक्षा चांगले सांगितले. सेतू केंद्रावर रांगेत उभा होता, हातात आठ घड्या पडलेला जुना सात-बारा. म्हणाला, ‘‘बाप्पा, कागदावर तं मी मालक हाव, मशीनात कोन हाय, थे सांगा.’’ सातबाऱ्याचा संगणकीय उतारा २०१८ पासून डिजिटल सहीनिशी मिळू लागला, ही चांगलीच गोष्ट झाली. दहा हेलपाटे वाचले. पण सही असे सांगते की, उतारा दप्तरातून खराखुरा निघाला. दप्तरात ती नोंद कोणाच्या अधिकाराने बसली, हे सही सांगत नाही. तेवढ्यासाठी प्रत्येकाने आपला फेरफार क्रमांक लिहून ठेवावा, वर्षातून एकदा उतारा काढून जुन्याशी ताडून पाहावा, आणि फरक दिसला तर तोंडी न बोलता लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. पतसंस्थेच्या वार्षिक सभेत चहा-फराळापूर्वी एक सभासद उभा राहून विचारू शकतो की, आपल्या सर्व्हरची दुरुस्ती शेवटची कोणत्या तारखेला झाली. उत्तर इतिवृत्तात लिहवून घ्यावे.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचारणारच. व्याजाचे दर कोणी बदलले ते निष्पन्न झाले नाही. होण्याजोगा पुरावाच उरला नव्हता. सात महिन्यांनी निलंबन मागे घेतले. संस्थेने दुसरा प्रोग्रॅम घेतला आहे, आणि त्यात ऑपरेटरचे खाते आतपर्यंत वेगळे आहे; आम्ही स्वतः परवानग्यांची यादी वाचून पाहिली. पोलिसांतला अर्ज निकाली निघाला. सात महिन्यांचा पगार मात्र संस्थेने दिलेला नाही. त्याचा दावा कामगार न्यायालयात आहे, आणि पुढची तारीख जूनमध्ये लागली आहे.